समाधानी प्रतिवाचक

रविवार, ३ नोव्हेंबर २०५८. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. सोलापुरातील ‘जाब’ या वृत्तसंस्थेच्या भिंतीवरील फलकावर तीन आकडे उजळले होते : वाचक ३,८४,११२, आठवड्यातील प्रश्न ९,१६,४०५, अनुत्तरित प्रश्न शून्य.

फलकाखालच्या खुर्चीत संपादक शकुंतला हिरेमठ बसल्या होत्या. बावीस वर्षांपूर्वी त्या कुणाला खुर्चीत बसलेल्या दिसल्या नसत्या. कोणत्याही पक्षाचा वा जाहिरातदाराचा पैसा न घेता त्यांनी ‘जाब’ सुरू केले, तेव्हा एक प्रथा पाडली होती. दर रविवारी दहा ते बारा संपादकाने वाचकांच्या शंका आणि टीका गावानावासह वाचायच्या, आणि उत्तर द्यायचे ते उभे राहून. “जाब द्यायचा तर आरोपीनं बसून कसं चालेल?” असे त्या म्हणत. पहिल्या रविवारी सतरा प्रश्न आले. एका मास्तरांनी तर बातमीतल्या स्वल्पविरामाचा हिशेब मागितला होता. बाईंनी तोही उभ्यानेच दिला.

वाचक वाढले, तसे प्रश्न साचत गेले. दोन तासांत साठ उत्तरे होत आणि मागे साठ हजार प्रश्न उरत. “विचारून काय उपयोग?” असे लोक म्हणू लागले, तेव्हा संस्थेचे संगणकतज्ज्ञ डॉ. फिरोज आत्तार यांनी ‘प्रतिवाचक’ तयार केला.

प्रतिवाचक म्हणजे वाचकाची गणिती प्रतिमा. एखाद्या वाचकाने आजवर काय विचारले, कोणत्या उत्तरावर तो गप्प बसला, कोणत्या उत्तरावर पुन्हा उसळला, या सगळ्याची नोंद घेऊन संगणक त्याच्यासारखा विचार करायला शिकतो. बातमी प्रसिद्ध होण्यापूर्वी ती आधी या प्रतिमेला दाखवली जाते. प्रतिमा शंका काढते, संस्था कागदपत्रांच्या आधारे उत्तर देते, आणि प्रतिमेचे समाधान झाले की बातमी त्या उत्तरासह खऱ्या वाचकाच्या हाती पडते. त्याच्या मनात शंका उगवण्याआधीच निरसन समोर असते. फलकावरचे नऊ लाख प्रश्न असे विचारले गेले होते. माणसांनी स्वतः लिहिलेले किती, याचा आकडा फलकावर नव्हता. तो पाहण्याची, आणि रविवारी उभे राहण्याचीही, गरज गेल्या चार वर्षांत कुणाला वाटली नव्हती.

त्या सकाळी टेबलावर कागदी पाकीट होते. शनिवारच्या टपालाने आलेले. कागदी पत्र संपादकानेच उघडायचे, हा जुना नियम अजून मोडला नव्हता. शकुंतलाबाईंनी ते उघडले.

“हे माझे बारावे पत्र. आधीची अकरा मोबाइलवरून पाठवली. प्रत्येकाचे उत्तर दोन मिनिटांत आले आणि प्रत्येक उत्तर गोड होते. गायरान कंपनीला देण्याच्या ठरावाला मी हात वर केला, असे तुम्ही छापले. ठराव १४ फेब्रुवारीचा. त्या दिवशी मी सोलापूरला दवाखान्यात होते, मुलीच्या बाळंतपणाला. मग हात कुणाचा होता? — रेणुका सलगर, ग्रामपंचायत सदस्य, करंजकुंड.”

बाईंनी बातमी काढली. गायरान म्हणजे गावाची सामायिक चराऊ जमीन. करंजकुंडचे गायरान एका सौरऊर्जा कंपनीला गेले होते, आणि बाजूने मत देणाऱ्यांत रेणुका सलगर हे नाव होते. ‘जाब’चा दुसरा नियम होता : दोन कागद आणि एक माणूस. कोणत्याही आरोपाला दोन लेखी पुरावे हवेत, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला समक्ष विचारलेले हवे. बातमीखाली सभेचे इतिवृत्त आणि ठरावाची प्रत असे दोन कागद होते. माणसाच्या रकान्यात लिहिले होते : ‘विचारले. हरकत नाही.’

त्यांनी आत्तारांना बोलावले. “डॉक्टर, या बाईंना कुणी विचारलं?”

आत्तारांनी नोंद पाहिली. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. “त्या आपल्या जुन्या वाचक आहेत, ताई. त्यामुळं... त्यांच्या प्रतिवाचकाला विचारलं गेलं.”

“आणि तो हो म्हणाला?”

“त्याला दवाखान्याचं ठाऊक असणार कसं? इतिवृत्त दाखवलं, त्यानं मान्य केलं.”

“मग पुढची अकरा पत्रं?”

“हात खरंच माझाच का, ही शंका प्रतिवाचकानं आधीच काढली होती. ‘सरकारी इतिवृत्तात तशी नोंद आहे’ या उत्तरावर त्याचं समाधान झालं होतं. म्हणून खऱ्या पत्रालाही तेच उत्तर गेलं. यंत्रणेच्या दृष्टीनं प्रश्न मिटलेला होता.”

“बाई ओरडत होती, आणि तिची सावली मान डोलवत होती!”

आत्तार नोंदीपासून मागे सरले. मग म्हणाले, “आमच्या आजोबांचं अत्तराचं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत ते त्याची बाटली काढून ठेवायचे. मला ही कल्पना तिथूनच सुचली.”

“कधी चुकायचे का?”

“चुकायचे की. गिऱ्हाईक नाक मुरडायचं, दुसरी बाटली निघायची.”

“आपण गिऱ्हाईकाचं नाकच काढून घेतलं, डॉक्टर.”

हा दोष समजायला फार गणित लागत नाही. गच्चीवरच्या टाकीत पाण्यावर तरंगणारा गोळा असतो. पाणी भरले की तो वर येतो आणि नळ बंद करतो. हा गोळा वरच अडकला, तर टाकी कोरडी पडली तरी नळ ‘भरलेली आहे’ असेच समजून बंद राहतो. प्रतिवाचकाचे तसेच झाले होते. वाचकाला आयती उत्तरे मिळू लागल्यापासून तो लिहीनासा झाला. तो लिहीत नाही म्हणून प्रतिमेला त्याच्याविषयी नवे काही कळेना. मग प्रतिमा स्वतःच्याच जुन्या समाधानावरून नवे समाधान काढू लागली.

“एक सांगा,” बाईंनी विचारले, “सलगरबाईंची प्रतिमा इतक्या लवकर का मानली?”

“त्यांच्या जुन्या पत्रांमुळं. त्यांनी आपल्या प्रत्येक उत्तरावर विश्वास ठेवला होता.” आत्तारांनी नजर वळवली. “ज्यांचा विश्वास जास्त, त्यांची प्रतिमा लवकर समाधानी होते.”

बुधवारी शकुंतलाबाई करंजकुंडला गेल्या. रेणुका सलगर गावाबाहेर पत्र्याच्या घरात राहत होत्या. दावणीला दोन शेळ्या होत्या. पूर्वी ऐंशी मेंढरे होती.

“बसा, ताई. घोंगडी टोचंल, पर दुसरं काय नाय.” रेणुकाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. “हे पानी मी तुमच्या हातात दिलं, तुम्ही पेला. माझ्या सख्ख्या दिरानं आठ महिन्यांत या घरचं पानी घेतलं नाय. त्याच्या मेंढरांचं रान म्या इकलं म्हनं.”

“दवाखान्याची कागदपत्रं दाखवली नाहीत?”

“दावली की. तो म्हनला, ‘जाबनं छापलंय. जाब कधी खोटं छापतं का?’” त्या किंचित हसल्या. “हे त्याला म्याच शिकवलं हुतं. दर रविवारी मोबाइल मधी ठेवून समद्या वाड्यावस्तीला तुमचं ऐकवायची. तुम्ही उभ्या ऱ्हायलात की म्हनायची, बघा, मानूस असं असावं.”

शकुंतलाबाईंनी मान खाली घातली. “येत्या रविवारी मी चूक कबूल करते. तुमचं नाव घेऊन माफी मागते.”

“मागा. पर माफीनं माझं भागत नाय, ताई.”

“मग काय हवंय तुम्हाला?”

“तुमचं वाचनारं लाखानं हायत. त्यातल्या एकानं, एकानंच, आपल्या मनानं इचारावं, त्या बाईचं पुढं काय झालं? मी बारा येळा लिवलं. आता मी लिवनार नाय. तेरावं कुनीतरी दुसऱ्यानं लिवावं. तवाच दिराला पटंल, का जग अजून माझ्या बाजूनं हाय.”

शनिवारी दुपारी माफीचे निवेदन तयार झाले. त्यात चूक होती, चुकीचे कारण होते, इतिवृत्तातली खोटी नोंद होती. एक जागा मात्र बाईंनी जाणूनबुजून मोकळी ठेवली. ‘या चुकीमुळे श्रीमती सलगर यांची मोठी हानी झाली’ एवढेच लिहिले, कोणती ते लिहिले नाही. स्वल्पविरामाचा हिशेब मागणाऱ्या मास्तरांच्या काळी या एका वाक्यावर दोनशे पत्रे आली असती.

आत्तार कागद घेऊन आले. “ताई, सवयीनं चाचणी लागली. रागावू नका. निवेदनावर अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात टक्के प्रतिवाचक समाधानी आहेत.”

“अजून मी माफी मागितलेली नाही आणि मला माफ करूनही झालं?”

आत्तारांनी कागद टेबलावर ठेवला.

“आणि सलगरबाईंचा प्रतिवाचक?”

“...समाधानी.”

शकुंतलाबाई उठल्या. “बंद करा. सगळे. आत्ता.”

“विचार करा, ताई. तीन लाख चौऱ्याऐंशी हजार लोकांना उद्या उत्तरांशिवाय बातमी जाईल. लाखभर प्रश्न आले, तर आपण दोघं काय करणार?”

“उभी राहीन. दम लागला की तुम्ही उभे राहा. पण डॉक्टर, येऊ तर द्यात.”

रविवार, १० नोव्हेंबर. दहाच्या ठोक्याला शकुंतलाबाईंनी खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि उभ्यानेच निवेदन वाचले. आवाज एकदाच अडखळला, ‘करंजकुंड’ या शब्दावर. मग त्या म्हणाल्या, “आज यंत्र बंद आहे. ज्याला जे विचारायचं असेल, ते त्यानं स्वतः विचारावं. मी बारापर्यंत इथंच उभी आहे.”

पहिली अकरा मिनिटे फलक हलला नाही. मग एक संदेश आला, मग दहा, मग शेकड्यांनी. आत्तारांच्या चेहऱ्यावर आनंद उमटला. “ताई, लोक विचारताहेत!”

“वाचा की.”

आत्तारांनी पहिला वाचला. दुसरा वाचला. तिसरा मनातच वाचला आणि ते खाली बसले.

बारा वाजता शकुंतलाबाईंचे पाय सुजले होते, तरी त्या टेबलाला न टेकता उभ्या होत्या. “वर्गवारी सांगा,” त्या म्हणाल्या. “लपवू नका.”

आत्तारांनी सांगितले. बाईंनी ती स्वतःच्या अक्षरात जुन्या वहीत उतरवली, करंजकुंडला स्वतः नेऊन देण्यासाठी.

एकूण संदेश : ४१,३०६.
‘आज बातमीसोबत माझी उत्तरे का आली नाहीत?’ असे विचारणारे : ४०,९७२.
यंत्रणा पुन्हा केव्हा सुरू होईल, असे विचारणारे : २६१.
माफी आवडली, असे कळवणारे : ७३.
रेणुका सलगर यांचे पुढे काय झाले, असे विचारणारे : ०.