आमचे हे

बसा, चहा टाकते. दाराशी पुरुषाच्या चपला आहेत, त्यांना तेवढा पाय लागू देऊ नका.

खोली शोधत फिरत होते तेव्हा जिथे जाईन तिथे एकच चौकशी, घरात पुरुष कोण? मी आणि माझा मुलगा, एवढं म्हटलं की दार लोटलं जायचं. कुठे खोली मिळालीच, तरी फार दिवस टिकू द्यायचे नाहीत. सारखं सामान बांधून, पोराची शाळा बदलून जीव मेटाकुटीला आला होता. म्हणून इथल्या घरमालकीणबाईंसमोर बोलून गेले, "आमचे हे फिरतीवर असतात." 'हे' म्हटलं की नाव लागत नाही. नसलेल्या माणसाला नाव तरी कुठलं देणार? खऱ्या नवऱ्यानं दुसरीकडे कधीच संसार थाटलाय. त्याचं नाव काढायचीही मला शिसारी येते.

जुन्या बाजारातून मोठ्या मापाच्या चपला आणून दाराशी ठेवल्या. मालकीणबाई जिन्यात असल्या की मी रिकाम्या खोलीकडे बघून म्हणायची, "अहो, येते हं." पोरालाही पढवलं. शाळेतून आला की दार उघडताना तो मोठ्यानं म्हणायचा, "बाबा, मी आलो."

एक दिवस त्या चपला ओल्या दिसल्या. बाहेर तर रणरणतं ऊन. कुणी पाणी सांडलं असेल, म्हटलं. मग त्यांच्या टाचा झिजायला लागल्या. घरात वास येऊ लागला, पेटीत दमट राहिलेल्या कपड्यांचा.

मी शिवणकारखान्यात कॉलर लावते. एका संध्याकाळी मान मोडून काम करून घरी आले, तर मालकीणबाई जिन्यात हसत उभ्या.

"भेटले हो तुमचे हे. बोलत नाहीत फारसे, पण माणूस सज्जन वाटला. आता हवं तितकं राहा, खोली तुमचीच समजा."

हे ऐकायला मी किती उंबरे झिजवले होते. आणि ऐकलं तेव्हा धावत जिना चढले.

वर पोरगा अभ्यास करत होता.

"कोण आलं होतं रे?"

"बाबा."

"दिसायला कसे आहेत?"

त्यानं पेन्सिल चावली. "पाठच दिसते... वळले तरी पाठच दिसते."

मी चपला उचलल्या आणि फेकायला निघाले. त्यानं माझा पदर धरला. "नको ना आई. परत खोली बदलावी लागेल. आत्ता कुठे मला मित्र मिळालेत."

ठेवल्या परत जागेवर. भीती वाटत होती, पण रस्त्यावर येण्याची भीती जास्त होती. खोटं सांगू कशाला.

तेव्हापासून इथेच आहोत. शाळा तीच, मित्र तेच. खोलीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

पोरगा आत अभ्यासाला बसलाय. मघाशी तुम्ही यायच्या आधी त्याला हाक मारली. त्यानं ओ दिली, पण मला त्याचं डोकं मागूनच दिसत होतं.

"बाळा, इकडे बघ ना जरा."

"बघतोच आहे की, आई..."