फ्रेमबाहेर दिलेलं वाण

ही गोष्ट कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही. माझ्या सख्ख्या मामेबहिणीची आहे, आणि तिनं ती मला माझ्याच घरात, माझ्यासमोर बसून सांगितली. खोटं बोलून तिला काही मिळणार नाही. उलट लोकांना कळलं तर तिचंच नुकसान आहे, कारण तो व्हिडिओ अजून चालतोय आणि त्यातून तिला पैसे येतायत.

आणि रात्रबित्र नव्हती. भर दुपार होती.

मीरा रोड, पूनम सागर. मागच्या वर्षीची संक्रांत नुकतीच झालेली.

माझी ही बहीण, समिधा, घरगुती वस्तूंचे छोटे व्हिडिओ करते. किसणी, गाळणी, डबे, काय वाट्टेल ते. वस्तू वापरून दाखवायची, चांगली की वाईट ते सांगायचं, खाली लिंक द्यायची. त्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की हिला कमिशन. एकदा व्हिडिओ टाकला की विसरून जायचं, आपण झोपलो तरी पैसे येत राहतात, असं ती मला मोठ्या कौतुकानं सांगायची.

मी तिची थट्टा करायचे. म्हणायचे, बाई गं, आपोआप तर दूधसुद्धा उतू जात नाही, खाली गॅस लावावा लागतो.

आता ती थट्टा आठवली की बरं वाटत नाही.

तिचा नवरा निकेत लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. त्या वर्षी त्याच्या कंपनीचं कंत्राट गेलं आणि तो कित्येक महिने घरी बसला. घर चाललं ते समिधाच्या व्हिडिओंवर. पुढे त्याला काम मिळालं, पण जुन्या इमारतींच्या जुन्या लिफ्टचं. तो सकाळी बाहेर पडला की परत येईपर्यंत हिचा जीव टांगणीला.

समिधा व्हिडिओत चेहरा दाखवत नाही, फक्त हात. डायनिंग टेबलावर वरून मोबाइल लावते, चित्र काढते. बोलणं नंतर, शांत वेळ बघून, वेगळं भरते. शूटिंगच्या वेळचा मूळ आवाज ती न ऐकताच बंद करून टाकते.

तर संक्रांत ते रथसप्तमी हा तिचा सीझन. हळदीकुंकवाला वाण काय द्यावं, स्वस्तात मस्त काय मिळेल, हे सगळ्या बायका मोबाइलवर शोधत असतात. त्या दुपारी तिनं वाणासाठी एक डबी घेतली होती. स्टीलची, पिवळ्या झाकणाची. झाकणाला हळदीकुंकू लावलं, आत तिळगूळ ठेवला. आता वाण देताना दाखवायचं, म्हणजे घेणारे हात हवेत.

एरवी शेजारच्या हंसाबेन हात द्यायच्या. त्या उतराणसाठी, म्हणजे त्यांच्याकडच्या संक्रांतीसाठी, गावी गेल्या होत्या, अजून आल्या नव्हत्या.

समिधानं विचार केला, हात फ्रेमबाहेर नेऊ, तिथेच कट मारू. बघणाऱ्याला वाटेल समोर कुणीतरी बसलंय.

तिनं डबी दोन्ही हातांत धरली. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पुढे केली. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "घ्या हं काकू, वाण."

ताई म्हणणार होती. काकू का आलं, तिचं तिलाच कळलं नाही.

हात मागे घेतले...

हात रिकामे होते.

तिला वाटलं, टेबलावर ठेवली असेल. टेबलावर नव्हती. खाली पडली म्हणावी, तर स्टीलच्या डबीचा आवाज झाला असता. तिनं खुर्चीखाली बघितलं, फ्रीजखाली झाडू फिरवला, सोफ्याच्या गाद्या उचलल्या.

डबी घरात नव्हती.

दार आतून बंद होतं. घरात ती एकटीच होती, निकेत काम शोधायला बाहेर गेलेला.

तिनं व्हिडिओ लावला. हळदीकुंकू लावलेली डबी तिच्या हातात... हात फ्रेमबाहेर जातात... रिकामे परत येतात. बस्स.

मग तिनं आयुष्यात पहिल्यांदा शूटिंगचा मूळ आवाज ऐकला.

पंख्याची घरघर. कबुतरं. तिच्या हिरव्या बांगड्यांची किणकिण. "घ्या हं काकू, वाण."

थोडा वेळ काहीच नाही...

आणि मग, अगदी जवळून, थकलेल्या बाईचा आवाज.

"आठवण ठेवलीस गो."

डबी एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचंही ऐकू येत होतं. पण घेणाऱ्या हाताच्या बांगड्या वाजल्या नव्हत्या.

समिधानं ते पुन्हा एकदा ऐकलं. त्या अख्ख्या मजल्यावर "गो" म्हणणारी एकच बाई होती. समोरच्या फ्लॅटमधल्या मंदाकाकू. रत्नागिरीकडच्या.

काकू दिवाळीतच वारल्या होत्या.

आता इथे मला थोडं मागचं सांगावं लागेल. काकू विधवा. एकट्या राहायच्या. मजल्यावर हळदीकुंकू असलं की आपलं दार अर्धं उघडं ठेवून आत बसायच्या आणि बाहेरची ये-जा ऐकायच्या. जाण्याआधीच्या संक्रांतीला समिधा ताट घेऊन त्यांच्या दारावरून चालली होती, तेव्हा त्यांनी तिला हाक मारली.

"वाण नको गो मला. नुसती येऊन बसले तर चालेल काय?"

समिधा म्हणाली, "विचारून सांगते काकू."

तिनं कुणाला विचारलं नाही. काकूंना काही सांगितलंही नाही. पुढच्या संक्रांतीला सांगायला काकूच राहिल्या नाहीत.

हे सांगताना समिधा माझ्याकडे बघत नव्हती. का ते मला कळत होतं. माझे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. समिधाच्या लग्नानंतर तिच्या घरच्या एकाही हळदीकुंकवाला मी गेलेली नाही, कारण तिनं मला कधी बोलावलंच नाही. मी कधी बोलून दाखवलं नाही. पण वाईट वाटायचं, ते वाटायचंच.

असो.

एखादीनं तो व्हिडिओ पुसून टाकला असता. समिधानं आवाज बंद केला, वर स्वतःचं गोड बोलणं भरलं आणि टाकला. तिला दोष देणार नाही, निकेतला तेव्हा काम नव्हतं आणि चूल पेटायला हवी होती. व्हिडिओ असा चालला की विचारू नका. कट कुठे मारलाय कळतच नाही, असं बायका खाली लिहीत होत्या. पिवळ्या झाकणाच्या डब्या धडाधड विकल्या गेल्या.

पैसे येत राहिले. आपोआप.

आणि दुपारी घर शांत झालं की समोरच्या बंद फ्लॅटमधून आवाज यायला लागला.

टक्...

डबीचं झाकण लावल्याचा.

थोड्या वेळानं पुन्हा. टक्...

समिधानं कुणाला सांगितलं नाही. निकेतलाही नाही. हंसाबेनना एकदा सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, खाली घर है, चूहा होगा. समिधानंही उंदरावर विश्वास ठेवला. सोयीचं असलं की माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

वर्ष असंच गेलं. आता मार्गशीर्षात काकूंचा पुतण्या सुभाष फ्लॅट विकायचा म्हणून आला. लाइटचं मेन बटण सापडेना, म्हणून त्यानं समिधाला बोलावलं. सामान त्यानं तेव्हाच, काकूंचे दिवस झाल्यावर, गावी हलवलं होतं. घर रिकामं, फरशीवर धुळीचा थर.

पण हॉलच्या मधोमध...

एक पाट मांडलेला होता. पाटासमोर ताट. ताटात हळदीकुंकू आणि तिळगूळ. आणि पिवळ्या झाकणाची डबी.

झाकणावरचं हळदीकुंकू ओलं होतं.

धुळीत सुभाषच्या आणि समिधाच्या चपलांखेरीज एकही पाऊल नव्हतं.

"हे कोणी मांडलं?" सुभाष म्हणाला. "चावी तर माझ्याकडेच असते."

समिधा दाराकडे सरकली. तिला कळलं होतं. आपल्याकडे वाण घेतलेली बाई उलट बोलावणं केल्याशिवाय राहत नाही.

सुभाषनं ताट-पाट उचलून कचऱ्यात टाकलं आणि कुलूप लावून गेला. दुसऱ्या दुपारी समोरून पुन्हा आवाज आला.

टक्...

आणि मागच्या आठवड्यात ते बोलावणं आलं.

समिधा या संक्रांतीचा व्हिडिओ काढत होती. आता ती काहीही फ्रेमबाहेर नेत नाही. वस्तू टेबलावरच ठेवते, हात आखडते घेते. त्या दिवशीही तसंच केलं. काही हललं नाही, काही गेलं नाही. सुटले म्हणून तिनं मोबाइल उचलला. पण मूळ आवाज ऐकल्याशिवाय तिला राहवेना.

तो आवाज घेऊनच ती धावत खारीगावात माझ्या घरी आली. मी स्वतः ऐकलाय.

पंखा. कबुतरं. बांगड्या. मग दारावर हलकी टकटक, जी शूटिंगच्या वेळी तिला ऐकू आलीच नव्हती.

आणि तोच आवाज.

"संकरातीला ये गो माझ्याकडं. नि तुझ्या त्या संचिताताईला पण आण. तिला पण कोण बोलवत नाय."

संचिता माझं नाव.

मंदाकाकूंना मी आयुष्यात कधी भेटलेली नाही. समिधा शपथेवर सांगते, तिनं माझं नाव त्यांच्यासमोर कधी काढलेलं नाही. आणि का काढेल?

समिधा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. विधवेच्या हातचं कुंकू लावून घेतलं तर नवऱ्याच्या जिवावर येतं, असं लोक म्हणतात. निकेत रोज त्या जुन्या लिफ्टच्या खोल खड्ड्यात उतरतो. गेलं तर त्याचं काही होईल का? आणि नाही गेलं तर? काकूंना एकदा "विचारून सांगते" म्हणून झालंय. दुसऱ्यांदा कसं म्हणायचं?

"तू येशील ना ताई?" तिनं मला विचारलं.

इतक्या वर्षांत तिनं मला हळदीकुंकवाला बोलावलं ते हे पहिल्यांदा.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. संक्रांत तोंडावर आली आहे. तो जुना व्हिडिओ पुन्हा जोरात चालायला लागलाय, आणि पैसे येतायत.

काल दुपारी मी कपाट उघडलं आणि तळातली माझी काळी चंद्रकळा बाहेर काढली. मिस्टर गेल्यापासून तिला हात लावला नव्हता. झटकली, अंगाला लावून आरशात बघितली, घडी मोडून खुर्चीवर टाकली. बोलावणं आल्यावर कुठलीही बाई करते तसंच.

मला त्या आवाजाची भीती वाटत नाही. मला जावंसं वाटतंय, याची भीती वाटते.