कै. लावावे किंवा कसे

विषय : गावच्या शाळेस फ्लाइंग ऑफिसर रुपचंद निंबा पाटील यांचे नाव देणेबाबत.
संदर्भ : १) ग्रामस्थांचा अर्ज. २) एका शब्दाचा अर्थ.

"उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की," जीवराम आबा अंधारात म्हणाले, "भुते असतात किंवा कसे, याबाबत शासनाचे कोणतेही परिपत्रक उपलब्ध नाही."

पोरं हसली. धुळ्यात लाइट गेली की आबांच्या ओट्यावर गल्लीतली पोरं जमत. आबा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्या रात्री पोरांचा वाद लढाऊ वैमानिकांवर चालला होता. त्यांच्यातल्या पुनाचं म्हणणं, ज्यानं जास्त विमानं पाडली तो मोठा. बाकीच्यांना ते पटत नव्हतं.

"हाच वाद आमच्या कचेरीत पंडित घालायचा," आबा म्हणाले. "त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. ऐकून वाद मिटला तर ठीक. नाही मिटला तर घरी जाताना एकेकटे जाऊ नका."

"घाबरवू नका हो आबा," पुना म्हणाला.

"मी कशाला घाबरवू? मी फक्त माहितीस्तव सादर करतो."

पंडित सावद्याचा. केळीच्या गावचा माणूस, पण जीव आभाळात अडकलेला. वायुदलात जायचं होतं. डोळ्यांनी दगा दिला. चष्मा असा जाड की त्यातून बघितलं तर पंडितच लांब दिसे. मग धुळ्याला कारकून झाला. इतरांच्या टेबलाच्या काचेखाली साईबाबा, गणपती. पंडितच्या काचेखाली वैमानिक. दोन्ही पाय गमावून कृत्रिम पायांनी लढलेला तो इंग्रज. बॉम्ब पडत असताना श्रीनगरच्या धावपट्टीवरून उठून सहा सेबर विमानांवर चालून गेलेले आपले सेखों. आणि साडेतीनशेच्या वर विमानं पाडणारा एक जर्मन.

"झालं तर मग," पुना म्हणाला, "जर्मन पहिला."

"पंडितच्या लेखीही तोच पहिला. पण त्या आकड्यामुळे नाही. तो जर्मन म्हणे एकाच गोष्टीचा अभिमान सांगायचा, की आपण आपला जोडीदार कधी गमावला नाही. लढाऊ विमानं जोडीनं उडतात, पुना. एक पुढे, दुसरं त्याच्या खांद्यामागे. पंडित म्हणायचा, पाडणारे पुष्कळ असतात. सोबत्याला घरी आणतो तो मोठा. हे तो पंख्याखाली, चहा पितापिता म्हणायचा. पंख्याखाली माणूस काहीही म्हणतो."

सोनगीर ओलांडलं की महामार्ग सोडून नरडाण्याच्या अंगाला एक रस्ता आत जातो. त्या रस्त्याच्या टोकाला ते गाव. नाव सांगत नाही. प्रकरण विचाराधीन आहे. तिथला निंबा पाटलांचा रुपचंद एकाहत्तरच्या लढाईत गेला. म्हणजे गेला असं सरकार म्हणे. विमान परतलं नाही, सापडलंही नाही. वायुदलाचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की बरोबरच्या विमानातून परत फिरण्याबद्दल वायरलेसवर विचारणा झाली तेव्हा रुपचंदनं 'येस' एवढंच उत्तर दिलं. त्यानंतर संपर्क तुटला.

निंबा पाटील त्या धक्क्यातून उठले नाहीत. उरली झुंबरबाई, रुपचंदची आई. तिनं पत्र वाचून घेतलं आणि धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छपरावर, बांबू उभा करून त्याला कंदील टांगला. रोज दिवेलागणीला लावायचा, उजाडल्यावर विझवायचा. गावात वीज आली तरी कंदील उतरला नाही. वीज गेली की आख्ख्या गावात तेवढाच उजेड.

पुढं शाळेची नवी इमारत झाली. गावानं अर्ज केला, रुपचंदचं नाव द्या. आता नियम असा, की हयात माणसाचं नाव शाळेला देता येत नाही. साहेबांनी फाइलवर शेरा मारला : 'नावामागे कै. लावावे किंवा कसे? आईचा जबाब घ्यावा.' आणि झुंबरबाई जबाबच देईना. तलाठी जाऊन आला, सरपंच रोज विनवत होता. तिचं एकच, "मना आंडोर मरेल नही शे." माझा मुलगा मेलेला नाही.

शेवटी पंडित म्हणाला, मी जातो. आपल्या हयातीत एका तरी वैमानिकाचं नाव पाटीवर चढलेलं त्याला बघायचं होतं.

गुरुवार, आठ डिसेंबर एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. कार्तिक अमावास्या. कचेरी सुटल्यावर पंडित राजदूत मोटरसायकलवर निघाला आणि दिवेलागणीला गावात पोचला.

झुंबरबाई कंदिलाची काच राखेनं घासत ओट्यावर बसली होती. पंडितला तिनं चहा दिला, विचारपूस केली. पंडितनं रुपचंदबद्दल विचारलं, तशी ती खुलली. सुट्टीवर आला की धाब्यावर झोपायचा. म्हणायचा, माय, रातले वरतून गाव दिखत नही, दिवा दिखस.

"आणि त्याचं इमान बी घासलेटवर चाले, भाऊ," ती म्हणाली. "मना कंदीलसारखं. तोच सांगे."

"खरं आहे अक्का. विमानाचं इंधन म्हणजे जवळपास घासलेटच." पंडितनं कागद काढला. "पण आता सतरा वर्षं झाली. पत्रात स्पष्ट आहे..."

"पत्रमा काय शे माले ठाऊक शे. त्यानी सांगं, येस."

"येस म्हणाला. बरोबर."

"मंग? येस म्हने तं येस. तो येनार शे."

पंडितच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. आपल्या अहिराणीत 'मी येस' म्हणजे मी येतो. घरातून निघतानाही कुणी 'जास' म्हणत नाही. जास म्हणणं अशुभ. येस म्हणायचं. पंडितला हे माहीत नव्हतं असं नाही, धुळ्यात इतकी वर्षं काढली होती. पण तो पडला सावद्याचा, तिकडची बोली निराळी. शिवाय सरकारी कागदात अहिराणी असू शकते हे कुठल्याही कारकुनाच्या मनात येत नाही. त्याला बाईची दया आली. दया आली की शिकलेला माणूस समजावायला लागतो.

"अक्का, ते इंग्रजी आहे. वायरलेसवर इंग्रजीच बोलतात. येस म्हणजे होय. परत फिरतोस का, असं विचारलं असेल. तो होय म्हणाला. येतो म्हणाला नाही."

"होय?"

"होय."

झुंबरबाईनं राखेचा बोळा खाली ठेवला. घासलेली काच हातात तशीच होती. मग तिनं विचारलं, "तू शिकेल शे. खरं सांगस ना?"

"खरं सांगतो, अक्का."

तिनं अंगठा पुढे केला. पंडितनं शाई लावली, कागदावर ठसा घेतला. झुंबरबाईनं काच खाली ठेवली. कंदील आत नेऊन कोपऱ्यात ठेवला, आणि दार लोटून घेतलं. पंडितला तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

आबा थांबले. कुणीतरी काडी ओढली, विडी पेटवली. काडी विझली.

पंडित निघाला तेव्हा गावातली वीज गेलेली होती. मागं वळून पाहिलं तर गाव नाहीच. नुसता काळोख.

दोन्ही बाजूंना कपाशी. रस्ता खडीचा. राजदूतला आरसा एकच, उजव्या हाताचा. नाल्यावरची पुलाची फरशी ओलांडली आणि आरशात उजेड दिसला.

मागून ट्रक येतोय, असं त्याला वाटलं. बाजू दिली. ट्रक पुढे गेला नाही. हात केला, जा म्हणून. उजेड तिथंच. पंडितनं मान वळवून बघितलं.

मागं काही नव्हतं.

आरशात बघितलं. उजेड. पिवळा, लहान, उजव्या खांद्यामागे. थोडा वर.

"वर?" पुनानं विचारलं.

"रस्त्यावर नव्हता तो, पुना. रस्त्याच्या वर होता."

पंडितनं गाडी जोरात सोडली. उजेड तेवढ्याच अंतरावर. हळू केली. तेवढ्याच अंतरावर. ते अंतर त्यानं चित्रांत शंभरदा पाहिलं होतं. जोडीदार तिथंच उडतो.

त्यानं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. बत्ती विझवली.

आरसा काळा झाला.

आणि मग... आवाज आला. स्टोव्हला पिन मारल्यावर बारीक शीळ सुटते ना, तशी. वरून. घासलेटचा वास सुटला. त्या उघड्या रानात, कपाशीत, घासलेटचा वास. शीळ डोक्यावरून गेली, गावाकडे. तिथं फिरली. एक वळसा. पुन्हा वळसा. जरा खाली आली, पुन्हा वर गेली. चांदण्या एका जागी झाकायच्या, पुन्हा दिसायच्या...

कोणीतरी काहीतरी शोधत होतं. आणि ते तिथं नव्हतं.

पंडितला कळलं काय नव्हतं ते.

महामार्ग समोर होता. ट्रकांचे दिवे दिसत होते. किक मारायची, दहा मिनिटांत सोनगीर, चहाची गाडी, माणसं. त्यानं किक मारली. बत्ती लागली. शीळ गावावरून सुटली ती सरळ त्याच्याकडे आली. त्या अंधारात तेवढीच बत्ती होती.

आरशात उजेड. उजव्या खांद्यामागे. आता जवळ.

खरखर झाली. रेडिओचं स्टेशन लागत नाही तेव्हा होते तशी. कानाशी. आणि एक आवाज, तरुण, दमलेला...

"येस..."

गिअरवर ठेवलेला पाय पंडितनं काढून घेतला. 

"येस... माय..."

पंडितनं सांगितलेलं सांगतो. त्या वेळीसुद्धा त्यानं मनात त्याचं इंग्रजी करून पाहिलं. येस, माय... माय म्हणजे माझा... माझा काय? पुढं शब्दच नव्हता. त्या भाषेत वाक्य पुरं होत नव्हतं.

आपल्या भाषेत पुरं होत होतं.

समोर महामार्ग. मागं अंधारातलं गाव. आपण निघून गेलो तर हा आपल्यामागं येईल. सोनगीरपर्यंत. धुळ्यापर्यंत. घरापर्यंत. किंवा येणार नाही. इथंच फिरत राहील... घासलेट संपेपर्यंत.

पंख्याखाली म्हटलेलं त्याला आठवलं. फार वाईट वेळी आठवलं.

त्यानं गाडी वळवली.

हळू चालवली. खड्डा चुकवताना बत्ती हलू देईना. मागं बघितलं नाही. आरशात बघितलं नाही. मानेवर गरम वारा येत होता. डिसेंबरात. फरशी आली... गेली. बाभळी. शाळेची नवी भिंत. गावातलं एकही कुत्रं भुंकलं नाही.

झुंबरबाईचं दार उघडं होतं. ती अंधारात ओट्यावर बसली होती.

"अक्का," पंडित म्हणाला, "कंदील लावा."

"कसाले? तो तं मरेल शे ना?"

"अक्का, चुकलं माझं. ते इंग्रजी नव्हतं."

ती उठली. काही विचारलं नाही. कंदील आणला, काच बसवली, काडी ओढली. ती शिडी चढली, तशी पंडितनं खालून शिडी धरली. बांबूला कंदील लागला.

शीळ खाली आली. आणखी खाली. धाब्यावर आली. ज्योत आडवी झाली, पण विझली नाही. आणि... चावी सोडल्यावर स्टोव्ह बसतो ना... तशी बसत... बसत...

गप्प.

वरून झुंबरबाईचा आवाज आला. रोज शेतातून येणाऱ्या माणसाला 'आलास का' विचारावं, तितक्या साधेपणानं.

"उना का?"

उत्तर पंडितला ऐकू आलं नाही. तिला आलं की नाही, ते त्यानं विचारलं नाही.

आबांच्या ओट्यावर पोरं एकमेकांना खेटून बसली होती. शेवटी पुनानं हळूच विचारलं, "आणि तो अंगठ्याचा कागद?"

"सरकारी कागद फाडता येत नाही. पंडितनं त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात त्याच्यावर लिहिलं : 'जबाब देणार यांनी जबाब मागे घेतला आहे. भाषांतरात चूक.' खाली सही केली. उजाडेपर्यंत ओट्यावर बसून राहिला, आणि उजाडल्यावर गाडी काढायला गेला."

राजदूतचा आरसा काळा होता. वरून खालपर्यंत काजळी. कंदिलाची वात मोठी झाली की काचेवर धरते तशी, दाट, तेलकट. पेट्रोलची गाडी. धुराडं मागं, आरसा पुढं. दुसरीकडे कुठंही डाग नाही. झुंबरबाईनं बाहेर येऊन बघितलं, पदराच्या टोकानं एका बाजूनं पुसलं, वास घेतला आणि आत चहा ठेवायला गेली. तिनं दोन कप भरले. मग तिसरा भरला.

पंडितनं तो आरसा काढून ठेवला आहे. मी पाहिलेला आहे. अर्धा पुसलेला.

शाळेच्या पाटीवर नावाची जागा अजून कोरी आहे. साहेब बदलले, त्यांच्या जागी आलेले बदलले. प्रत्येकानं शेऱ्याखाली शेरा मारला. कै. लावावे किंवा कसे, याचा निर्णय झालेला नाही. झुंबरबाई रोज कंदील लावतात. अर्ज प्रलंबित आहे.