झेंडूखालचा की-बोर्ड

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार सहादूची दोन बोटे प्रेसखाली गेली आणि दुपारपर्यंत इन्शाला कामावरून काढल्याचे पत्र तयार झाले.

अंबडच्या त्या कारखान्यात इन्शा सुरक्षा अधिकारी होती. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर बिघडलेला असताना ‘सेन्सर तपासला, प्रेस चालवा’ असा तिच्या नावाचा संदेश कामगारांच्या चॅटवर आला होता. आपण तो पाठवलाच नाही, एवढेच ती सांगत होती. मालकांनी चौकशीसाठी संगणकतज्ज्ञ उज्वला यांना बोलावले. पत्र आधी आणि चौकशी नंतर, हा क्रम पाहूनच उज्वला संतापल्या.

परवानगीचा संदेश फक्त सुरक्षा कक्षातल्या संगणकावरूनच जात असे. खंडेनवमीची पूजा सकाळी आटोपून कक्षाला लावलेले कुलूप उज्वला यांनी आता उघडायला लावले. संगणक चालूच होता, चॅटमध्ये इन्शाचे लॉगिनही. की-बोर्डवर झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या आणि हळद-कुंकू जसेच्या तसे होते. पूजलेल्या यंत्राला दसरा उलटेपर्यंत इथे कोणी हात लावत नाही. संदेश मात्र पूजेच्याच संध्याकाळी गेला होता.

संगणक विभागातल्या दीपकने माहिती दिली. चॅटचा प्रोग्राम मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही बदलता येण्याजोगा होता. त्यात त्याने आयपीसीची सोय बसवली होती, म्हणजे त्याच संगणकावरचा दुसरा प्रोग्राम चॅटला थेट मजकूर देऊ शके. असा दुसरा प्रोग्राम एकच होता, उत्पादन मोजणारा. तो घरूनही चालवता येई. त्याचा पासवर्ड उत्पादनप्रमुख योगेश यांनी स्वतः ठरवला होता आणि कोणालाही दिला नव्हता.

“आणि संदेशावर नाव कोणाचं येतं?”

“चॅटमध्ये ज्यांचं लॉगिन चालू असेल त्यांचं,” दीपक खाली पाहत म्हणाला.

कामगारांना विचारले. संदेश एकदम उमटला, असे सगळेच म्हणाले. मग योगेश आले.

“तुम्हांला काय दिसलं?”

“आधी ‘इन्शा लिहीत आहे’ असं आलं, मग संदेश. उगाच त्या पोरीला पाठीशी घालू नका, मॅडम.”

उज्वला यांनी सर्वांना मालकांच्या केबिनमध्ये बसवले.

“पाकळ्या हललेल्या नाहीत, म्हणजे कळ दाबली गेली नाही. मजकूर आयपीसीतून आला. तसा आला की ‘लिहीत आहे’ कधीच उमटत नाही. मी आत्ताच करून पाहिलं. योगेशराव, जे दिसणं अशक्य होतं ते तुम्ही पाहिलंत. आठवण चुकते, म्हणून तेवढ्यावर मी थांबले नाही. पण त्या एकमेव प्रोग्रामची किल्ली फक्त तुमच्याकडे आहे.”

योगेश मालकांकडे वळले.

“माल जायचा होता. सेन्सर यायला आठवडा लागणार होता. एक दिवस प्रेस चालवल्यानं काय होतंय, असं वाटलं.”

“मग स्वतःच्या नावानं लिहायचं होतंत.”

मालकांनी घसा खाकरला. इन्शाने उद्यापासून रुजू व्हावे, सहादूचा खर्च कंपनी करील, आणि कागदोपत्री हा सॉफ्टवेअरचा दोष म्हणता येईल, असे त्यांनी सुचवले.

“दोष दीपकचा आहेच,” उज्वला म्हणाल्या. “त्यानं दार उघडं ठेवलं. पण दार आपणहून खोटं बोलत नाही.”

इन्शाने बडतर्फीचे पत्र मालकांसमोर सरकवले.

“हे राहू द्या, सर. पुरावा म्हणून लागेल.”

आणि तिथेच उभी राहून तिने पोलीस ठाण्याला फोन लावला.