ओल्या वेताच्या गाठी

दोन दिवसांपासून मतलई वारा सुटला होता. जमिनीकडून दर्याकडे जाणारा, कोरडा, अंगाची कातडी ताणणारा. नवापूरला किनाऱ्यावर टांगलेले बोंबील दुपारपर्यंत कडक व्हावेत असा. मासळीला हा वारा चांगला, वेताला वाईट. वेत भिजवून ओला असतानाच विणायचा असतो. वाळला की तो आपोआप आवळतो. म्हणून कमलाकांत ओटीवर पाण्याचं घमेलं जवळ घेऊनच बसायचा.

होडीवर जाणं सुटल्यापासून म्हातारा घरीच जुन्या खुर्च्या नीट करायचा. लाकूड घासायचं, फाटलेली बैठक विणायची. घाई त्याच्या रक्तातच नव्हती.

आदल्या दिवसापासून हातात होती ती सागवानी खुर्ची बोईसरच्या प्रीतमने आणून दिलेली. बैठक मधोमध फाटून भगदाड पडलेलं. "आईची आहे," तो म्हणाला होता. "दिवाळीआधी गेली ती. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ठेवीन म्हणतो. जुनं लाकूड शोभून दिसतं."

कमलाकांतने लाकूड घासायला घेतलं, तसा काळा थर निघाला आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर खाचा दिसल्या. मनगट टेकतं, बरोबर तिथे. असल्या खाचा त्याने जन्मभर होडीच्या काठावर पाहिल्या होत्या, दोर घासून घासून पडलेल्या. म्हातारा थबकला. मग मान हलवून पुन्हा कामाला लागला. दिवे लागायच्या आत बैठक विणून झाली.

आणि आज सकाळी पाहतो तर बैठक उसवलेली. वेताच्या पट्ट्या ओढून काढलेल्या आणि खुर्चीच्या हातांना, त्या खाचांमध्ये, गुंडाळून गाठी मारलेल्या. बोट लावलं तर पट्ट्या ओल्याचिंब. रात्रभर हा वारा वाहत असताना!

मांजर काही गाठी मारत नाही.

ओटीवर खोबरेल तेलाचा वास होता आणि त्याखाली दुसरा, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीत येतो तो. कमलाकांत खुर्चीसमोर उकिडवा बसला. हलकेच म्हणाला, "बाय... कुनी बांधली गो तुला?"

रिकामी खुर्ची कुरकुरली. सगळा भार पुढे टाकून कुणी उठू पाहावं, तशी.

म्हाताऱ्याला कळायचं ते कळलं. ही कुणाची वाट बघते तेही कळलं. तिचं दुःख खोटं नव्हतं, पण आपल्या ओटीवर तिच्या पोटच्या पोराचा जीव जायला नको. त्याने प्रीतमला फोन लावला. "तुझी खुर्ची बिघडली हाय. येऊ नको बाबा."

तो दुपारीच स्कूटर घेऊन हजर. "काय काका, हात कापायला लागले वाटतं तुमचे!" हसत हसत तो ओटीवर चढला आणि त्या पट्ट्या पाहून हसायचा थांबला. "हे... हे तुम्ही बांधलं?"

"मी नाय. तूच सांग."

"ती पडायची, काका. आम्ही दोघं कामावर जाणार. दिवसभर कोण बघणार तिच्याकडे?"

"दिवसभर?"

"रेडिओ लावून जायचो ना. समोर पाण्याची बाटली ठेवायचो."

"समोर ठेवायचास. आनि हात बांधलेले."

प्रीतमचं तोंड लाल झालं. "मला शिकवू नका! माझी खुर्ची आहे, मी नेतो." त्याने पट्टी उपटायला हात घातला आणि तो हात बाहेर आलाच नाही. तोल जाऊन तो बैठकीच्या भगदाडात बसला, गुडघे छातीशी. दुसरं मनगट कधी अडकलं ते कुणालाच दिसलं नाही.

वाऱ्याचा एक झोत आला. आता तो वेत वाळू लागला. चर्र... चर्र... पट्ट्या मनगटात रुतत चालल्या.

"काका... कोयता आणा... काका, पाणी..."

कोयता आणायला म्हातारा उठला नाही. वाळता वेत जोराने ऐकत नाही. त्याने घमेलं ओढलं आणि ओंजळी भरभरून पट्ट्यांवर पाणी सोडायला सुरुवात केली. एकीकडे तापलेल्या लेकराला समजवावं तसं बोलत राहिला. "बाय, जाऊ दे. ह्या गाठी मी सोडतो. माझ्या हातानं सोडतो. तू पन मोकळी हो."

बऱ्याच वेळाने वेत मऊ पडला. नखांनी त्याने एकेक गाठ सोडवली. शेवटची गाठ सुटताना त्याच्या बोटांना काहीतरी ऊबदार लागलं, हात फिरवल्यासारखं. खुर्ची एकदम हलकी झाली. तो वासही गेला.

प्रीतम ओटीवरून अक्षरशः घरंगळला. मागे न बघता त्याने स्कूटर चालू केली.

कमलाकांतने सांडलेलं पाणी झाडून काढलं. आपल्या हातून आज एक जीव वाचला, या विचाराने त्याला बरं वाटत होतं. तेवढ्यात शेजारची इंदुबाई बोंबलांची टोपली डोक्यावर घेऊन किनाऱ्याकडून आली आणि ओटीपाशी थांबली.

"भाऊ, तो तुमचा बोईसरवाला पोरगा मोठा गुणाचा हाय हो! आपल्या आयला स्कूटरवर मागं बसवून नेत होता. मी बोलली, जपून रं बाबा, म्हातारी हाय. त्यानं वलून पन नाय बघितलं. पन तिनं काय घट्ट धरलेलं त्याला, दोनी हातांनी... तोंड पार निळं पडलेलं पोराचं."