ओल्या विटेच्या रंगाची चकती

अध्यक्षसाहेब, भरल्या सभागृहात तुम्ही एका माणसाच्या गळ्यातला पारख्याचा बिल्ला काढून घेतलात, आणि काढताना हसलात. बिल्ला काढलात ते एक वेळ समजून घेईन. हसलात ते नाही.

मी तुमच्या मंडळाची सभासद नाही. रंगाच्या दुकानात काउंटरमागे उभी असते, हातात डबा ढवळायची काठी. लिहायला मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे गोड लिहिणं जमत नाही. पण ज्याला तुम्ही खुर्चीवरून उठवलंत त्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही आणि मला आहे. तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

मागच्या वर्षी एका दुपारी तो दुकानात आला. बोटांना मशीनचं तेल, खिशाला बारका स्क्रूड्रायव्हर. शिलाई मशीन दुरुस्त करतो हे नंतर कळलं. त्यानं काउंटरवर एक गोल चकती ठेवली, बाटलीच्या झाकणाहून जराशी मोठी.

“याचा रंग कोणता?”

“तुम्हीच बघा की.”

“तुम्ही सांगा.”

“का, डोळे घरी विसरलात?”

“नाही, आणलेत,” तो म्हणाला. “पण लाल आणि हिरवा त्यांना सारखेच दिसतात. लहानपणापासून.”

मी जीभ चावली. तो मात्र हसू दाबत होता...

ती पोकरची चिप होती. पत्त्यांच्या डावात पैशांच्या जागी लावतात ती. पण तुमच्या मंडळींना डावाशी फारसं देणंघेणं नसतं, हे मला त्यानंच सांगितलं. मातीचं मिश्रण साच्यात गरम दाबून केलेल्या जुन्या चकत्या जमवायच्या, विकायच्या, बदलून घ्यायच्या. आणि हौस हाताबाहेर गेली की स्वतःच्या नक्षीचा संच बनवून घ्यायचा. त्याची हाताबाहेर गेली होती. कारखान्यानं नमुने पाठवले होते आणि रंग ठरल्याप्रमाणे आलेत का, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

“बहिणीला विचारलं. ती म्हणते, सगळे लालच आहेत, गप घे.”

“लाल कुठे? ही ओली वीट आहे.”

“म्हणजे कशी?”

आठ वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी केला नव्हता. लोक नंबर सांगतात, डबा उचलतात, जातात. मी जरा विचार केला.

“बांधकामावर विटांवर पाणी मारतात ना? नंतर हात लावला की कशी गार आणि जड लागते – तशी.”

“आणि कडेचे हे ठिपके?”

“संध्याकाळची भिंत. ऊन गेलेलं असतं, पण पाठ टेकली तर अजून कोमट.”

त्यानं डोळे मिटले. चकती अंगठ्यानं फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, “दिसली.”

त्या दिवसापासून दर गुरुवारी तो यायचा. खिशात एखादी नवीन चकती असायचीच. दुकान माझ्या मामाचं. मामा काचेआडून बघायचा आणि चिडायचा.

“हा माणूस डबा घेत नाही, ब्रश घेत नाही. नुसता रंग विचारतो. हे दुकान आहे की बालवाडी?”

“मामा, मागच्या आठवड्यात त्यानं पॉलिश पेपर घेतला की.”

“एक कागद. आणि दीड तास.”

खरं सांगते, मला तो दीड तासही अपुरा वाटायचा. मी त्याला रंग सांगायचे आणि तो मला आवाज ओळखायला शिकवायचा. दोन चकत्या काउंटरवर टाकून विचारायचा, कोणती खरी? प्लॅस्टिकची टिणटिण वाजते, पोरासारखी. मातीची वाजते तेव्हा आवाज लगेच खाली बसतो, दमून घरी आलेल्या माणसासारखा. एकदा मी पुसायच्या फडक्याखाली वीस चकत्या झाकल्या. फडक्यात हात घालून त्यानं प्रत्येकीचा साचा सांगितला. कुठली किती हातांतून गेली असेल तेही. एकही चुकली नाही.

“हे कसं कळतं?”

“हात द्या.”

माझा अंगठा त्यानं चकतीच्या कडेवर ठेवला. माझ्या हाताला टर्पेंटाइनचा वास, त्याच्या हाताला तेलाचा... “इथे धार आहे, म्हणजे नवी. आता ही बघा. कड गोल झालीय. ही वर्षानुवर्षं कुणीतरी बोटांत खेळवलीय. विचार करताना. घाबरताना.”

“आणि आता कोण घाबरलंय?”

“मी,” तो म्हणाला. अंगठा सोडला नाही.

अध्यक्षसाहेब, असा माणूस चार वर्षं तुमच्या मेळ्यात पारखी होता. विक्रीला येणारी प्रत्येक चकती आधी त्याच्या हाताखालून जायची. ती खरी की खोटी हे तो सांगायचा, आणि तुमच्या नियमाप्रमाणे तिचे रंग मोठ्यानं वाचून दाखवायचा. रंगांची कारखान्यांनी दिलेली नावं त्यानं याद्यांवरून पाठ केली होती. ठिपक्यांची मांडणी बघायची, नाव आठवायचं, म्हणायचं. कुणाला संशय आला नाही. यंदा त्यानं मला म्हटलं, “मेळ्यात येणाऱ्या चकत्यांची चित्रं बघून रंगांच्या चिठ्ठ्या तू लिहून दे.” तोवर आमचं अहो-जाहो सुटून अरे-तुरे झालं होतं.

इथे चूक माझी. मी कारखान्याची नावं उतरवून द्यायला हवी होती. मी आमच्या काउंटरवरची नावं लिहिली.

तुमचा तो सोनेरी चष्मेवाला विक्रेता जुन्या चकत्यांचा ट्रे घेऊन आला. यानं एकेक वाजवली आणि सात बाजूला काढल्या. “या खोट्या आहेत.” चष्मेवाल्याचा चेहरा उतरला. मग उरलेल्यांचे रंग सांगायची वेळ आली. यानं माझी चिठ्ठी उघडली आणि शांतपणे वाचलं, “अंग ओल्या विटेचं. ठिपके संध्याकाळच्या भिंतीचे.”

सभागृहात हशा फुटला. मी मागच्या रांगेत उभी होते. माझे कान तापले. चष्मेवाल्याला हवं ते सापडलं. दोन चकत्या वर धरून तो म्हणाला, “कविता राहू द्या. यातली हिरवी कोणती?”

याला ठोकून द्यायला काय हरकत होती? दोनातली एक. यानं ठोकून दिलं नाही.

“मला सांगता येणार नाही,” तो म्हणाला.

मग तुम्ही उठलात, म्हणालात, “आंधळ्याच्या हातात तराजू दिला होता की आपण,” आणि बिल्ला काढलात. आणि त्या सात चकत्या डोळ्यांनी बघून तुम्हीच खऱ्या ठरवल्यात. पाच मिनिटांत विकायला मांडल्या गेल्या. एक मी घेतली. का घेतली ते तेव्हा मलाही कळलं नाही. रागात माणूस काहीही घेतो.

पुढचे तीन गुरुवार तो आला नाही. मामासुद्धा एकदा दाराकडे बघून म्हणाला, “पॉलिश पेपरवाला आजारी आहे का?” चौथ्या गुरुवारी मी काठी खाली ठेवली आणि त्याच्या दुकानात गेले. तो एका मशीनचं पोट उघडून बसला होता. पलीकडे त्याची ताई कापड बेतत होती.

“चुकले मी,” मी उभ्या उभ्याच म्हणाले. “तुझी खुर्ची माझ्या चिठ्ठीनं घालवली.”

“कारखान्याची नावं मला पाठ होती,” तो मशीनमध्ये बघतच म्हणाला. “चिठ्ठी मी आदल्या दिवशीच वाचली होती.”

“मग... तीच का वाचून दाखवलीस?”

त्यानं स्क्रूड्रायव्हर ठेवला. “चार वर्षं जे दिसत नाही ते पाठ करून सांगत होतो. तू लिहिलेलं मला दिसत होतं. एकदा तरी दिसणारं सांगावं, असं वाटलं.”

राग मला पटकन येतो, रडू येत नाही. तेव्हा दोन्ही आलं.

“मग तीन गुरुवार कुठे होतास?”

“लोक तुझ्या अक्षरांना हसले. माझ्यामुळे. कुठल्या तोंडानं येणार होतो?”

“दोघांची चूक वाटून झाली असेल तर,” ताई कात्री न थांबवता म्हणाली, “आधी तिला स्टूल दे. आणि बाबा रे, जे चार महिने मला सांगतोयस ते तिला सांग. माझे कान किटले.”

तो लाल झाला. हे त्याला दिसलं नसणार, मला दिसलं.

“रंग सांगायला,” तो म्हणाला, “गुरुवारची वाट बघणं मला आता जमत नाही. रोज सांगशील? सकाळी उठल्यापासून?”

“लग्नाचं विचारतोयस की नोकरीचं?”

“नोकरी मामांकडे आहे तुला.”

मी हो म्हणाले, अध्यक्षसाहेब. तेलाचे डाग माझ्या बाहीवर अजून आहेत. ते धुवायचा माझा विचार नाही.

मग मी पिशवीतून ती चकती काढली. त्यानं वाजवली, नकारार्थी मान हलवली. मी नाकाशी नेली. तुमच्यापैकी कुणी चकतीचा वास घेत नाही, पण आमच्या धंद्यात आधी नाक चालतं. लॅकरचा, म्हणजे वरून मारायच्या चकचकीत रंगाचा वास होता. मातीच्या चकतीत रंगीत ठिपका मातीचाच असतो, अंगात दाबून बसवलेला. मी कापसावर थिनर घेतलं आणि कड पुसली. हिरवा ठिपका कापसावर आला. अख्खाच्या अख्खा.

उरलेल्या सहा तुमच्या सभासदांकडे आहेत, तुमच्या शब्दावर घेतलेल्या. तो म्हणतो, जाऊ दे. तो असाच आहे, म्हणून तर मी त्याची झाले. मी तशी नाही. येत्या रविवारी तुमची बैठक आहे. आम्ही दोघं येतोय. थिनरची बाटली आणि कापूस मी आणते. त्या सहा चकत्या तुम्ही सगळ्यांसमोर टेबलावर ठेवणार आहात का? हो किंवा नाही, तेवढंच लिहा. पण शनिवारच्या आत लिहा.