एक जास्त, एक कमी

भुयारी रस्ता एकशे दहा पावलांचा. एका तोंडाला बस स्टँड, दुसऱ्या तोंडाला रेल्वेचा फलाट. मध्ये ना दार, ना वळण, ना कुणी दडून बसेल असा कोनाडा. रस्ता रुंद करायचा की नाही हे ठरवायला तीन दिवस माणसं मोजायची होती. बसकडच्या तोंडाशी मास्तर बसले, निवृत्त चित्रकला शिक्षक. रेल्वेकडच्या तोंडाशी ती. दोघांच्या हातात बटणाचं मोजयंत्र. एक माणूस, एक टिक्.

माणसं बसकडून रेल्वेकडेच यायची. परतीची वाट वरच्या पुलावरून. तास भरला की मास्तर तोंडाशी दोरी बांधत, आतले सगळे बाहेर पडेपर्यंत ती थांबे, मग फोनवर आकडे ताडून बघायचे. चुकायला जागाच नव्हती.

पहिला दिवस.
बारा ते एक. आत १८८. बाहेर १८९.
एक ते दोन. आत २०४. बाहेर २०३.

"बोट घसरलं तुमचं, ताई."

"वीस वर्षं शिलाई मशीन चालवलंय, मास्तर. बोट घसरलं असतं तर आज नऊच असती."

"बरं, माझं घसरलं. दिवसाची बेरीज जुळते ना? साहेब बेरीज बघतात. आपण कशाला नसता ताप?"

दुसरा दिवस.
बारा ते एक. एक जास्त.
एक ते दोन. एक कमी.
बेरीज बरोबर.

घरी जाताना तिच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. आत रेंगाळलेला माणूस उशिरा बाहेर पडेल, हे समजतं. पण आत शिरायच्या आधी बाहेर?

घरात ती आणि बाबा, दोघंच. आई गेल्यापासून तिसरा आवाज तो बाबांच्या काठीचा. काठीचं रबर पडून महिना झाला होता. नवं आणायचं ती रोज विसरायची, आणि दोन खोल्या पलीकडूनही टक् टक् ऐकू यायची.

"उद्या डबा मी घेऊन येतो," बाबा म्हणाले. "बघू तरी तुझं भुयार."

"गुडघ्याचं काय?"

"ठमे, गुडघा माझाय. त्याला विचारलंय मी."

तिसरा दिवस. बाराला सूर्य बरोबर डोक्यावर, भुयारात सगळे दिवे लागलेले. एकला दहा कमी असताना घोळक्यातून बाबा बाहेर आले. टिक्. तिच्या शेजारच्या बाकावर बसले.

"दमलात?"

"नाही गं."

खरंच दमले नव्हते. धापही नाही. काठी गुडघ्यांत उभी धरून समोर बघत राहिले. ती मोजत राहिली. आणि पाच-सात माणसं गेल्यावर तिला जाणवलं, की बाबा येताना ऐकूच आले नव्हते. तिने वाकून पाहिलं. काठीच्या टोकाला रबर नव्हतं. उघडं लाकूड, खाली फरशी.

"डबा कुठाय, बाबा?"

"येतोय," बाबा म्हणाले. "मागून."

एक वाजला. दोरी बांधली गेली, सुटली.
आत १९६. बाहेर १९७.

एक वाजून सहा मिनिटांनी मास्तरांचा फोन आला.

"ताई, तुमचे तीर्थरूप आलेत. डबा घेऊन. घोटभर पाणी प्यायले आणि निघाले. काठी काय वाजते हो. एक रबर बसवून द्या म्हाताऱ्याला."

"थांबवा त्यांना."

"अहो, शिरले आत. बटणसुद्धा दाबलं मी."

तिने बाकाकडे पाहिलं. बाबा तिच्याकडेच बघत होते. घड्याळाकडे बघावं तसे.

मोजयंत्र स्टुलावर टाकून ती आत धावली. मागे टिक् झालं. बाबांनी ते उचललं होतं.

समोरून माणसं येत होती. बॅगा, छत्र्या, कडेवरची मुलं. ती एकेक चेहरा बघत पळाली. टक् टक् पुढे ऐकू येत होती. मग शेजारी. मग मागे. बाबा कुठेच नव्हते.

ती बस स्टँडच्या उन्हात बाहेर पडली. मास्तर अर्धवट उठले.

"तुम्ही इकडून? आणि बाबा भेटले नाहीत वाटेत?"

ती वळली आणि पुन्हा आत शिरली. सवयीने मास्तरांचं बोट दाबलं गेलं. टिक्.

पन्नास पावलं.

शंभर.

एकशे दहा.

एकशे चाळीस.

रेल्वेकडचं तोंड काडेपेटीएवढं दिसत होतं. त्यात स्टूल. स्टुलावर कुणीतरी बसलेलं, तिच्याच निळ्या ओढणीत. बाकावरचे बाबा तिच्याकडे झुकून काही सांगत होते. माणसं मागून येत, हिला ओलांडून उजेडात जात, आणि तिथला अंगठा प्रत्येकासाठी हलत होता.

तिने हाक मारली. ओलांडून जाणाऱ्यांपैकी कुणी वळून पाहिलं नाही.

टक्.

अगदी जवळ.

"ठमे," बाबा म्हणाले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. "किती लांब गं हे. सकाळपासून चालतोय."

तिने त्यांच्या हातातून डबा घेतला. डबा अजून गरम होता. दुसऱ्या हाताने तिने त्यांचा दंड धरला, आणि दोघं चालू लागली.

एक ते दोन. आत २११. बाहेर २१०.
दिवसाची बेरीज बरोबर.
शेरा: काही नाही.
सही तिचीच.